बोरिक ॲसिडची आयात आणि न्हावा शेवाचे कस्टम ब्रोकर : दोन कंटेनरनंतरचा माझा अनुभव

हा अभिप्राय न्हावा शेवा बंदरावर काम करणाऱ्या एका छोट्या कस्टम ब्रोकर फर्मबद्दल आहे, म्हणजे आयातदाराच्या वतीनं कस्टमचे कागद करून माल सोडवणाऱ्यांबद्दल. फर्मचं नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या त्यांच्याबद्दल दोन तक्रारीही आहेत, आणि सहा माणसांच्या ऑफिसवर नावानिशी असं काही लिहिणं मला पटत नाही. शिवाय केमिकल पहिल्यांदा बाहेरून मागवणाऱ्याला नावापेक्षा चांगला ब्रोकर ओळखायचा कसा, हे कळणं जास्त उपयोगाचं आहे. मला ते कळायला एक अख्खा कंटेनर गमवावा लागला.

माझं युनिट कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. आम्ही निकेल प्लेटिंगचे (धातूच्या पार्टवर निकेलचा मुलामा देण्याचे) सॉल्ट आणि ब्राइटनर बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे शिरोली, कागल, इचलकरंजीचे प्लेटिंगवाले. निकेलच्या बाथमध्ये (टाकीतल्या द्रावणात) लिटरला तीस ते पंचेचाळीस ग्रॅम बोरिक ॲसिड लागतं. ते पीएच धरून ठेवतं. ते कमी पडलं की जॉबच्या (मुलामा द्यायच्या पार्टच्या) पृष्ठभागाजवळ पीएच चढतो, कडा जळतात, लेअर ठिसूळ होतो. आणि बोरिकमध्ये लोह जास्त असलं तर जॉबवर बारीक खड्डे पडतात. मोटारसायकलच्या पार्टवर असा खड्डा दिसला की अख्खा लॉट परत येतो, आणि फोन मला येतो.

आम्ही वर्षानुवर्षं बोरिक मुंबईच्या वडगादीतून, म्हणजे तिथल्या केमिकलच्या बाजारातून, घेत होतो. भाव रोज वेगळा. पोती कधी मूळ शिक्क्याची, कधी पुन्हा भरून शिवलेली. एका लॉटमध्ये लोह ठीक, दुसऱ्यात तिप्पट. देशात बोरिक तयार करणारे कारखाने आहेत, पण त्यांचाही कच्चा माल मुख्यतः बाहेरूनच येतो. लडाखच्या पुगा खोऱ्यातल्या गरम झऱ्यांपाशी टाकणखार (बोरॅक्स, बोरिकचा कच्चा माल) मिळतो, पण कारखाने चालतील इतका नाही. जगातला बोरॉनचा सर्वांत मोठा साठा तुर्कस्तानात आहे. म्हणून थेट तिथून एक वीस फुटी कंटेनर आणायचा, वर्षभर एकाच लॉटचा माल वापरायचा, असं ठरवलं.

ती पहिली खेप २०२१ मधली. तेव्हाचा एजंट वेगळा होता, ओळखीतून आलेला. मी त्याला एवढंच विचारलं होतं, "बोरिकला काही लायसन लागतं का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, फ्री आहे, होऊन जाईल." माझी चूक ही की "होऊन जाईल" हे मी उत्तर म्हणून स्वीकारलं.

बोरिक ॲसिड हे कीटकनाशक कायदा, १९६८ च्या अनुसूचीत आहे. आपल्या घरात झुरळांसाठी पीठ, साखर आणि बोरिक पावडर मळून गोळ्या ठेवतात, तीच ही पावडर. कॅरमच्या बोर्डावर शिंपडतो तीही हीच. ती कीटकनाशक म्हणून आणायची असेल तर नोंदणी लागते. प्लेटिंग, काच, सिरॅमिक अशा दुसऱ्या कामासाठी आणायची असेल तर फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचं आयात परमिट लागतं. मला सुरुवातीला याचा राग यायचा, कारण त्याच कायद्याचं कलम ३८ म्हणतं की पदार्थ किडींसाठी वापरायचा नसेल तर हा कायदा त्याला लागू नाही. पण बंदरावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यानं हे कशावरून मानायचं? पोत्यावर तर फक्त "बोरिक ॲसिड" लिहिलेलं असतं. परमिट हाच तो पुरावा. ही गोष्ट मला त्या एजंटनं सांगितली नाही. कस्टमच्या क्वेरीतून, म्हणजे विचारणेतून, कळली, माल उतरल्यावर.

कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवायच्या यार्डात, अडुसष्ट दिवस पडून होता. शिपिंग लाइनचं डिटेन्शन (अडकलेल्या कंटेनरचं भाडं) वेगळं, सीएफएसचं ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) वेगळं. परमिटशिवाय आलेला माल म्हणजे कस्टम कायद्याच्या कलम १११(डी) खाली जप्तीस पात्र. शेवटी दंड भरून माल परत पाठवायची परवानगी मिळाली. सगळं मिळून सात लाख ऐंशी हजार रुपये गेले आणि हातात एक पोतंही आलं नाही. त्या वर्षी दिवाळीला कामगारांना बोनस वेळेवर देता आला नाही. तो मी फेब्रुवारीत दिला. सहा जणांपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

आता ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्याकडे मी २०२३ च्या ऑक्टोबरात गेले, इचलकरंजीच्या एका प्लेटिंगवाल्यांनी सांगितलं म्हणून. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघाले, आणि दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या त्यांच्या ऑफिसात बसले. मालक साठीचे. त्यांच्याकडे स्वतःचं एफ कार्ड आहे, म्हणजे ब्रोकरची परीक्षा ते स्वतः पास झालेत. बाकी दोघं 'जी' कार्डवाले (ब्रोकरच्या कर्मचाऱ्याचं कस्टमचं ओळखपत्र असलेले) आहेत, कस्टम हाऊसमधलं रोजचं काम तेच करतात. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणायला लागले.

मी तुर्की सप्लायरचा परफॉर्मा इन्व्हॉइस टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचललाही नाही. आधी विचारलं, "ताई, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढलीत का?"

"अजून नाही."

"मग काढू नका. ॲडव्हान्स पाठवू नका. परमिट हातात येऊ द्या, मग बघू. बीएलची (माल जहाजावर चढल्याच्या कागदाची) तारीख परमिटच्या नंतरचीच हवी मला."

कंटेनरमागे मिळणारी फी समोर दिसत असताना "आत्ता मागवू नका" म्हणणारा हा मला भेटलेला पहिला ब्रोकर. नंतर मी नियम वाचले तेव्हा कळलं की हे सांगणं त्यांचं कामच आहे. २०१८ च्या कस्टम ब्रोकर नियमावलीत नियम १० आहे. त्यात म्हटलंय की ब्रोकरनं पक्षकाराला कायदा पाळायचा सल्ला द्यायचा, पक्षकार ऐकत नसेल तर कस्टमला कळवायचं, आणि आयातदाराचा आयईसी (आयात-निर्यात कोड), जीएसटी नंबर, पत्ता हे सगळं स्वतः पडताळायचं. काकांनी माझं वीजबिल आणि युनिटचे फोटोसुद्धा मागितले. मला तेव्हा ते अती वाटलं. आता वाटत नाही.

त्यांच्याकडे एक जाड वही आहे, आणि या फर्ममधली मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू तीच. डाव्या रकान्यात केमिकलचं नाव नाही, कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक) आहे. नाव व्यापाऱ्यागणिक बदलतं, कॅस नंबर बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. उजव्या रकान्यात कुठलं दार ठोठवायचं ते. टोल्यूइनसमोर लिहिलंय "क्लास ए पेट्रोलियम, पेसो, नागपूर" (पेसो म्हणजे ज्वलनशील आणि स्फोटक मालाचं लायसन देणारं केंद्राचं ऑफिस), कारण त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) २३ अंशांच्या खाली आहे आणि तीस लिटरच्या वर साठवायला लायसन लागतं. ट्रायइथॅनॉलअमाइन हे साबण-शांपूच्या धंद्यातलं साधं केमिकल, पण रासायनिक अस्त्रांविषयीच्या कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणून त्याच्यासमोर तांबडी रेघ. काही नावांसमोर फक्त "१९८९" लिहिलंय. ते म्हणजे घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम. त्यातल्या नियम १८ प्रमाणे माल येण्याआधी संबंधित अधिकाऱ्याला बंदर, प्रमाण, वाहतूक आणि सुरक्षेची माहिती कळवावी लागते. मिथेनॉल, ॲनिलिन, ॲसिटिक ॲसिड यांच्यासमोर "बीआयएस, २०१९" असं लिहून पुढे बऱ्याच तारखा खोडलेल्या. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो; त्याचं मानक सक्तीचं करणारे हे गुणवत्ता नियंत्रण आदेश निघतात, पुढे ढकलले जातात, कधी मागेही घेतले जातात. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रानं पॉलिमर आणि धाग्यांच्या कच्च्या मालावरचे १४ आदेश एकदम मागे घेतले, तेव्हा मी योगायोगानं त्यांच्या ऑफिसातच होते. काकांनी वही उघडली आणि प्रत्येक ओळीवर तारीख टाकून रेघ मारली. पान फाडलं नाही. म्हणाले, "उद्या परत आला तर?"

परमिटचं काम चार महिने चाललं. त्यासाठी त्यांनी वेगळे पंचेचाळीस हजार घेतले, आणि ते मला महाग वाटले नाहीत, कारण त्यांनी फक्त फॉर्म भरून दिला नाही. आधी माझ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बोरिकचा वापर किती दाखवलाय ते बघितलं. तो आकडा जुना होता. मी ज्या टनांसाठी अर्ज करणार होते ते त्यात बसतच नव्हते. "इथे वीस लिहिलंय आणि तिथे साठ मागणार? पहिली क्वेरी इथेच येईल," म्हणाले. मग तीन वर्षांचा वापर महिनावार काढायला लावला, सीएचं प्रमाणपत्र, विकलेल्या सॉल्टची बिलं, आणि हा माल कीटकनाशक म्हणून विकणार नाही असं हमीपत्र. माझ्या प्रॉडक्शनच्या वहीत बोरिक किलोत आणि सॉल्ट पिशव्यांत लिहिलेलं होतं. ते जुळवताना दोन रविवार गेले. आम्ही साठ टन मागितले, चाळीस मिळाले. काकांचा अंदाजही चाळीसचाच होता, पण त्यांनी तो आधी सांगितला नव्हता. सांगितला असता तर मी सप्लायरशी भाव त्या हिशेबानं ठरवला असता. ही माझी पहिली तक्रार. ग्राहकाला निराश करू नये म्हणून चांगला माणूस कधीकधी माहिती पोटात ठेवतो, पण धंद्यात ती नुकसान करते.

परमिट आल्यावर मार्चमध्ये पीओ काढली. त्या काळात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून बऱ्याच लाइन सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून येत होत्या. आमचा कंटेनर एप्रिलमध्ये निघून जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर न्हावा शेवाला लागला. बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचं मालाचं विवरण) जहाज यायच्या आधीच भरावी लागते. २०२१ पासून नियम असा की जहाज ज्या दिवशी येणार त्याचा आदला दिवस संपायच्या आत, नाहीतर पहिले तीन दिवस रोज पाच हजार, पुढे रोज दहा हजार. काकांनी आठवडाभर आधी चेकलिस्ट पाठवली. चेकलिस्ट म्हणजे बिल भरण्याआधीचा मसुदा, आयातदारानं वाचून "ओके" म्हणायचा.

ती मी वाचली. इतकी वर्षं मी असले कागद न वाचता ओके करत आले होते, या वेळी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. २०२३ च्या परिपत्रकानंतर कस्टम टॅरिफच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणातल्या केमिकलला आययूपीएसी (शास्त्रीय) नाव आणि कॅस नंबर लिहावा लागतो. चेकलिस्टमध्ये कॅस नंबर होता १००४३-५३-३. बोरिकचा आहे १००४३-३५-३. दोन आकड्यांची अदलाबदल, डोळ्याला सहज चुकते. पण कॅस नंबरचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो. तो सोडून उजवीकडून डावीकडे जायचं, पहिल्याला एकानं, दुसऱ्याला दोनानं, तिसऱ्याला तीनानं असं गुणत बेरीज करायची. बेरजेचा एकंस्थानचा आकडा तो शेवटचा आकडा असला पाहिजे. बरोबर नंबरची बेरीज त्रेचाळीस येते, शेवटी तीन, जुळतं. चुकलेल्याची पंचेचाळीस, शेवटी पाच, जुळत नाही. मी हे फोनवर त्यांच्या ऑफिसातल्या डेटा एन्ट्रीच्या मुलीला सांगितलं. तिनं मला तीनदा करून दाखवायला लावलं आणि मग स्वतः एक्सेलमध्ये सूत्र बसवलं. आता त्यांच्याकडे येणारा प्रत्येक कॅस नंबर त्यातून जातो. चूक त्यांची होती, पण चूक दाखवल्यावर जे ऑफिस असं वागतं त्यांच्याकडे मी माझा माल निर्धास्तपणे देते.

फेसलेस असेसमेंटमुळे बिल कुठल्या शहरातल्या अधिकाऱ्याकडे जाईल ते आपल्याला कळत नाही. क्वेरी आली ती एकच : वापर काय? परमिट ई-संचितवर, म्हणजे कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या पोर्टलवर, आधीच चढवलेलं होतं. काकांनी तीन ओळींचं उत्तर दिलं, सोबत बाथच्या फॉर्म्युल्याचं माझ्या लेटरहेडवरचं पान. दुसऱ्या दिवशी क्वेरी मिटली. मग नमुना काढायचा आदेश आला, कस्टमच्या प्रयोगशाळेसाठी. रिपोर्टची वाट बघत माल अडकवायचा की टेस्ट बाँड (रिपोर्टच्या निकालाची हमी) देऊन प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, सोडवायचा, हे त्यांनी दोन्ही बाजूंच्या खर्चाचे आकडे टाकून मला विचारलं. मी बाँड दिला.

पावसाचं मात्र मी कधी विसरणार नाही. बोरिकच्या पोत्यात पाणी गेलं की गठ्ठे होतात, मग ते फोडायला घणच लागतो. सीएफएसमध्ये नमुन्यासाठी कंटेनर उघडायचा होता आणि सकाळपासून धो धो पाऊस. काकांच्या ऑफिसातला 'जी' कार्डवाला मुलगा शेडखालची जागा मिळेपर्यंत चार तास थांबला, तोवर सील तोडू दिलं नाही. मला त्यानं फोटो पाठवले : दाराला ताडपत्री, उघडलेली दोन पोती, नमुना काढून पुन्हा शिवलेली, वर मार्करनं तारीख. हे त्याच्या कामाच्या यादीत कुठेच लिहिलेलं नसणार. एकही पोतं भिजलं नाही.

ड्यूटीचा हिशेबही त्यांनी मला नीट समजावला. आधी बेसिक, त्या बेसिकवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत अधिक या दोन्ही मिळून झालेल्या रकमेवर अठरा टक्के आयजीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पहिले दोन खर्चात जातात. वडगादीच्या भावाशी तुलना करताना मी आधी सगळी ड्यूटी खर्चात धरत होते, म्हणून आयात महाग दिसायची.

दुसरी तक्रार बिलाची. कंटेनरमागे त्यांची एजन्सी फी साडेनऊ हजार आहे. माझा जुना एजंट साडेचार हजार घ्यायचा, आणि साडेचार हजारांचा सल्ला मला काय पडला ते वर लिहिलंच आहे. फीबद्दल तक्रार नाही. पण पहिल्या बिलात "इतर खर्च" म्हणून एक ओळ होती, पावतीशिवाय. मी विचारलं कशाचे. नीट उत्तर मिळालं नाही. मी स्पष्ट लिहिलं, पावती असेल तर दुप्पट देईन, पावती नसेल तर एक रुपया नाही. दोन दिवसांनी सुधारलेलं बिल आलं, ती ओळ नव्हती. दुसऱ्या कंटेनरच्या बिलात प्रत्येक ओळीला पावती जोडलेली होती, पण ती सगळी येईपर्यंत सहा आठवडे लागले आणि माझ्या सीएनं मला दोनदा फोन केला. एवढी मोठी जबाबदारी पेलणाऱ्या ऑफिसला पावत्या स्कॅन करून पाठवणं जड जाऊ नये.

ज्यांना उद्या माल हवाय त्यांनी यांच्याकडे जाऊ नये, ते नाहीच म्हणतील. शनिवारी दुपारनंतर फोन उचलत नाहीत. पण ज्या केमिकलच्या मागे कुठल्यातरी मंत्रालयाचा कागद आहे, ते आणायचं असेल तर असाच माणूस शोधा. पहिल्या भेटीत तो भावाआधी कॅस नंबर विचारतो का, तुमचं संमतीपत्र बघायला मागतो का, चेकलिस्ट वाचायला वेळ देतो का, एवढं बघा.

आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं. सप्लायरच्या सेफ्टी डेटा शीटवर बोरिकच्या पुढे प्रजननक्षमतेला आणि गर्भाला धोका असं लिहिलेलं असतं. युरोपनं २०१० पासून त्याला अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत ठेवलंय. परमिटच्या धावपळीत हा कागद फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. मी तो मराठीत लिहून पोती फोडायच्या जागेवर लावला, मास्क आणि हातमोजे सक्तीचे केले, आणि गरोदर बाईला ते काम द्यायचं नाही असं ठरवलं. काकांना फोटो पाठवला तर त्यांनी तो दुसऱ्या दोन आयातदारांना पाठवायची परवानगी मागितली.

यांच्यामार्फत आलेल्या पहिल्या कंटेनरचे वीस टन वर्षभर पुरले. लोहाचा आकडा पहिल्या पोत्यापासून शेवटच्यापर्यंत एकच राहिला, आणि त्या वर्षात खड्ड्यांमुळे माझा एकही लॉट परत आला नाही. उरलेले वीस टन परमिटची मुदत असेपर्यंत दुसऱ्या कंटेनरात आणले. आता नवीन परमिटचा अर्ज गेलाय. या वेळी काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, पन्नास मागा, चाळीस धरून चाला." सप्लायरला मी चाळीसचाच भाव विचारलाय.